चाळलं म्हणून निवडायचं सोडू नये

कसबा पेठेत फडके हौदाकडून कसबा गणपतीकडे चालत जाताना एका भिंतीवर मी तीन कागद शेजारीशेजारी चिकटवलेले पाहिले. पहिल्यावर मधुमेह आणि रक्तदाबाच्या मोफत ‘स्क्रीनिंग’ची तारीख होती. दुसऱ्यावर एका लघुपटाच्या ‘स्क्रीनिंग’ची वेळ. तिसरा छापखान्याचा होता: लग्नपत्रिका, ‘स्क्रीन’ प्रिंटिंग करून मिळतील.

मी तिथेच थांबले. बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढायचा तेही स्क्रीनिंग, अंधारात बसून सिनेमा पाहायचा तेही स्क्रीनिंग आणि पत्रिकेवर गणपती उमटवायचा तोही स्क्रीनमधून. या तिघांचं नातं काय असेल? त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागले आणि हिंडत हिंडत ज्या वस्तूपाशी पोचले, ती आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो जर्मानिक बोलींतून. तिथे त्याचा अर्थ ढाल, आडोसा. थंड मुलखात शेकोटीपुढे बसलेल्यांना थेट धग लागू नये म्हणून मध्ये जो आडोसा ठेवत, तो स्क्रीन. पण आडोशाचं काम नीट पाहा. तो धग अडवतो आणि ऊब येऊ देतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा शब्द दोन कामं करत होता: काही अडवायचं, काही जाऊ द्यायचं. सोळाव्या शतकात इंग्रज खडी आणि कोळसा चाळायच्या चाळणीलाही स्क्रीन म्हणू लागले, ते बहुधा यामुळेच. पुढे या शब्दाला फुटलेल्या सगळ्या फांद्या याच एका खोडाच्या आहेत.

तीन आळ्या, तीन चाळण्या

कसबा ही पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. बाकीच्या पेठा नंतर वसल्या. इथल्या आळ्यांची नावं अजून धंद्यांवरून चालतात. फणी आळी, तांबट आळी, नदीकडे कुंभारवाडा आणि जुन्या गावाची कुंभार वेस. मुळात वेस म्हणजे तरी काय? तटबंदीतलं एक भोक. दिवसा उघडं, रात्री बंद, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारं. ती गावाची चाळणीच होती.

फणी आळी हे नाव फण्या करणाऱ्यांचं. आजच्या मुलींना कंगवा माहीत असतो. फणी माहीत असते ती उवा झाल्यावर. फणीचे दात इतके दाट का? माणसाचा केस एक दशांश मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. लीख त्याच्या कित्येक पट जाड. फणीच्या दोन दातांमधली फट या दोन मापांच्या मधली ठेवली की केस सुळकन निघून जातो आणि लीख अडकते. ज्याने पहिली फणी कोरली, त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. तरी त्याने दोन मापांमधली नेमकी जागा हाताने शोधून काढली होती.

कुंभाराची चाळणी मातीसाठी. माती वाळवायची, कुटायची आणि चाळायची. का, तर मातीत चुनखडीचा बारीकसा खडा राहिला तर तो भट्टीत भाजून कळीचा चुना होतो. मडकं भट्टीतून चांगलं निघतं. पण काही दिवसांनी तो चुना हवेतलं दमट पाणी पितो, फुगतो आणि मडक्याचा टवका उडवतो. दोष आज आत बसलेला असतो, फुटतो महिन्याने. चाळणी तो आजच पकडते. पुढे दवाखान्यातल्या स्क्रीनिंगचं मर्म समजून घेताना मला हा चुन्याचा खडा फार उपयोगी पडला. आजार बाहेर दिसायच्या आधी, तो आत खड्याएवढा असताना पकडायचा, एवढीच तर त्यामागची सगळी कल्पना आहे.

आणि गिऱ्हाईकही कमी नसतं. घागर किंवा माठ घेताना बाई त्याला टिचकी मारते. खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर खाली ठेवते. मडकं न फोडता आतली चीर ऐकून ओळखायची, हीही तपासणीच.

तिसऱ्या आळीकडे, तांबट आळीकडे, थोड्या वेळाने येऊ.

सूप, चाळण आणि ताट

मराठी स्वयंपाकघरात या एका इंग्रजी शब्दासाठी किती क्रियापदं आहेत ते मोजून पाहा. आपण पाखडतो, चाळतो, गाळतो, निवडतो, वेचतो, पारखतो. औषधाचं चूर्ण वस्त्रगाळ करतो. निवडणुकीच्या अर्जांची छाननी करतो. प्रत्येक क्रियापदामागे वेगळं तत्त्व आहे.

सुपात धान्य पाखडताना निवड वजनावर होते. झटक्यासरशी दाणे वर उडतात, हलकं फोलपट वाऱ्याने पुढे जातं, जड दाणा परत सुपात पडतो. चाळणीत निवड आकारावर होते. पीठ खाली, कोंडा वर. आणि दाण्याएवढ्याच आकाराचा, दाण्याएवढाच जड खडा? तो सुपालाही चकवतो आणि चाळणीलाही. त्याच्यासाठी ताट घ्यावं लागतं, उजेडात बसावं लागतं आणि डोळ्यांनी पाहून बोटांनी वेचावा लागतो.

लहानपणी मी तांदूळ चाळून थेट आधणात टाकायला निघाले, तेव्हा आजी म्हणाली होती, “अगं, चाळलं म्हणून निवडायचं सोडू नये.” तेव्हा मला ती शिस्त वाटली. आता कळतं की स्क्रीनिंगच्या शास्त्रातला पहिला धडा तिने एका वाक्यात सांगितला होता. चाळणी शेवटचा निकाल देत नाही. ढीग लहान करून देते, म्हणजे डोळ्यांना नीट पाहता येतं.

बांधकामावरही हेच चालतं. तिथल्या नियमात वाळू आणि खडी यांच्यामधली सीमा 4.75 मिलिमीटरच्या चाळणीने ठरते. त्यातून बहुतेक सगळी खाली पडते ती वाळू, वर राहते ती खडी. निसर्गात अशी रेघ कुठेच नाही. दगड लहान लहान होत जातो, बस. रेघ माणसाने ओढली आणि भोकाचं माप ठरवून ओढली. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला जे सांगायचं आहे ते याच्याभोवती फिरतं.

पडद्याला भोकं असतात

आता दुसरा कागद, सिनेमाचा. पडद्यावर चित्र पाडायची आपली हौस सिनेमाहून जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 1892 पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दिव्याचे खेळ करत. हाताने रंगवलेल्या काचपट्ट्यांतून उजेड जायचा आणि पडद्यावर चित्रं हलायची. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला तो 7 जुलै 1896 ला, म्हणजे पटवर्धनांनंतर. पुण्यात 1915 साली मंडईजवळ गंगाधरपंत पाठकांनी आर्यन चित्रपटगृह सुरू केलं. 1933 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि पुढच्याच वर्षी अप्पा बळवंत चौकाजवळ, कसब्यातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, पुढे ‘प्रभात’ म्हणून ओळखलं गेलेलं चित्रपटगृह उघडलं.

मूकपटाच्या काळात पडदा म्हणजे साधं पांढरं कापड चालत असे. बोलपट आले आणि अडचण उभी राहिली. नट पडद्याच्या मधोमध बोलतोय आणि आवाज खोलीच्या कोपऱ्यातून येतोय, हे कानाला पटेना. मग ध्वनिवर्धक पडद्याच्या मागे ठेवले. पण पडदा आवाज अडवायचा. त्यावर काढलेला तोडगा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला विश्वास बसेना. पडद्याला भोकं पाडली. मिलिमीटरभराची, हजारो, सगळीकडे सारखी. लांबून ती दिसत नाहीत. उजेड पडद्यावर आपटून आपल्याकडे परततो आणि आवाज भोकांतून आरपार येतो. चित्रपटगृहाचा मोठा पडदा म्हणजे उभी धरलेली एक प्रचंड चाळणी. पुढच्या वेळी जवळ जाऊन पाहा.

तिसऱ्या कागदातली स्क्रीनही चाळणीच. लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर रेशमाची, आता पॉलिस्टरची, बारीक जाळी ताणून बसवतात. तिच्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप देतात. नक्षीची जागा झाकून वर प्रकाश टाकला की बाकीचा लेप कडक होतो, नक्षीखालचा मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. मग शाई ओतून रबरी पट्टी फिरवली की शाई फक्त उघड्या भोकांतून खाली उतरते. पत्रिकेवरचा गणपती म्हणजे चाळून आलेली शाई.

आणि त्या पत्रिकेतल्या लग्नात पुन्हा एक पडदा असतोच. अंतरपाट. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो वधूवरांची नजर अडवतो आणि आवाज मात्र जाऊ देतो. काय अडवायचं, काय जाऊ द्यायचं आणि पडदा नेमका कधी दूर करायचा, हे आपण त्या एका वस्त्राकडून किती पिढ्या शिकत आलो आहोत.

तांब्याचा आडोसा

आता तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट इथे स्थिरावले. तांब्याचा पत्रा ठोकून बंब, घंगाळी, हंडे घडवणाऱ्या त्यांच्या हातोडीचा ठेका या पेठेची ओळख आहे. भांड्याच्या अंगावर ओळीने उठणाऱ्या त्या चमकत्या ठोक्यांना ते मठारकाम म्हणतात.

याच धातूची आधुनिक रुग्णालयात एक अनोखी नोकरी आहे. एमआरआयच्या यंत्राला शरीरातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकायचे असतात. बाहेर शहरभर रेडिओ, मोबाइल, वायरलेस यांचा गोंगाट चाललेला असतो. म्हणून एमआरआयची खोली आतून धातूच्या, बहुधा तांब्याच्या पत्र्याने मढवतात आणि खिडकीच्या काचेत बारीक जाळी बसवतात. आपल्याला तिथे भिंतीचा रंग दिसतो. त्यामागे एक भलंमोठं तांब्याचं घंगाळ असतं आणि आपण त्याच्या पोटात झोपलेलो असतो.

याचं मूळ 1836 सालातलं. मायकेल फॅरेडे यांनी धातूने मढवलेली एक खोली उभारली, बाहेरून तिच्यावर विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि स्वतः आत जाऊन बसले. त्यांना काहीच झालं नाही. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन बाहेरच्या विद्युत प्रभावाला तोंड द्यायला अशा रीतीने सरकतात की आत शांतता राहते. भौतिकशास्त्रात यालाही स्क्रीनिंग म्हणतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी हा त्याचाच घरगुती नमुना. आतल्या लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, जाळीचं भोक मिलिमीटरभर. लहर त्यातून निघत नाही. दिसणाऱ्या उजेडाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, ती आरामात निघते. म्हणून आतला पदार्थ फिरताना दिसतो आणि आपण भाजत नाही. एकाच जाळीतून एक लहर जाते आणि दुसरी अडते. फणीचंच तत्त्व, मापं तेवढी बदलली.

हा आडोसा अणूतही आहे. सोडियमच्या केंद्रकात 11 धन भार असतात. पण सगळ्यात बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला त्यांची पूर्ण ओढ जाणवत नाही, कारण आतले दहा इलेक्ट्रॉन मध्ये आडोशासारखे उभे असतात. म्हणून तो सहज सुटतो, क्लोरिनकडे जातो आणि मीठ तयार होतं. आपल्या जेवणाला चव आहे, त्याच्या मुळाशी एक स्क्रीनिंग आहे.

माणसांची चाळणी

पीठ चाळलं तर पिठाला काही वाटत नाही. माणूस चाळला तर त्याला वाटतं. हे पुण्याने जितकं सोसलं आहे, तितकं फार थोड्या शहरांनी सोसलं असेल.

1896 च्या अखेरीला प्लेग मुंबईहून पुण्यात आला. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चमध्ये गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठांमधली घरं झडती घेतल्यासारखी तपासू लागल्या. काखेत, जांघेत गाठ आहे का, अंगात ताप आहे का, हे पाहायचं आणि संशयित माणसाला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचं, अशी योजना होती. कागदावर ही आरोग्य तपासणी होती. वाड्यात ती बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरली. बायकांच्या तपासणीत अब्रूची पर्वा राखली गेली नाही, अशा तक्रारींनी शहर पेटलं. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि त्याच्यामागोमाग निघालेला लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला आणि रँड काही दिवसांनी.

त्या चाळणीत एक दोष असा होता की तो त्या वेळी जगात कुणालाच धड दिसला नव्हता. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते जून 1898 मध्ये. म्हणजे 1897 च्या मार्चमध्ये सोजीर माणसांच्या काखा तपासत होते, आणि त्याच वाड्याच्या आढ्यावरून, बळदातून, भिंतीतल्या बिळांतून खरा वाहक मोकळा फिरत होता. चाळणी सगळ्या पेठेवर धरली आणि भोकातून नेमकी पिसू निसटली.

त्याच महिन्यात, त्याच साथीत, दुसरी एक व्यक्ती रोग्यांपर्यंत पोचत होती. सावित्रीबाई फुले आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यांनाच लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रोगी शोधणं दोन्हीकडे होतं. एकीकडे बंदोबस्त होता, दुसरीकडे माया.

2020: कसब्यातलं रक्त काय म्हणालं

सव्वाशे वर्षांनी तोच 1897 चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. 9 मार्च 2020 ला महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठा बंद झाल्या. दाराशी कपाळासमोर धरायचं तापमापक यंत्र आलं. ते कपाळातून निघणारी उष्णता दुरूनच मोजायचं. पण ज्याला लागण आहे आणि ताप नाही, तो माणूस त्या भोकातून निघून जायचा. पुन्हा पिसू निसटली.

मग जुलैमध्ये वेगळी गोष्ट झाली. 20 जुलै ते 5 ऑगस्ट 2020 या काळात आयसर पुणे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी शहरातल्या पाच प्रभागांत 1,664 जणांच्या रक्तात करोनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधली. त्यात कसबा पेठ–सोमवार पेठ हा एक प्रभाग होता. पाचही प्रभाग मिळून 51.5 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. निम्म्या लोकांना विषाणू शिवून गेला होता आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता. लोहियानगर–कासेवाडी प्रभागात हे प्रमाण 65.4 टक्के होतं. कसबा–सोमवार पेठेत पाचांमध्ये सगळ्यात कमी, 36.1 टक्के. ज्यांचं शौचालय सामाईक होतं, त्यांच्यात प्रमाण स्वतंत्र शौचालय असलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं. रक्ताच्या थेंबाने घराची जागा सांगितली.

नेमकं बोलायचं तर हे सर्वेक्षण होतं. स्क्रीनिंग एका माणसाला त्याच्याबद्दल सांगतं, सर्वेक्षण गावाला गावाबद्दल. पण मला भिडली ती दुसरी गोष्ट. यात रक्त देणं माणसाच्या संमतीवर होतं. आणि ज्या विद्यापीठाने हे काम केलं, त्याला प्लेगमध्ये सेवा करताना गेलेल्या बाईचं नाव आहे. त्याची मुख्य इमारत म्हणजे जुनं गव्हर्नमेंट हाऊस. 22 जून 1897 च्या रात्री रँड तिथूनच परत निघाला होता.

बारापैकी एक

आता थोडा हिशेब. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर जास्त मजा येईल.

समजा दहा हजार लोक आहेत आणि त्यांतल्या शंभरांना एक आजार आहे. तुमच्याकडे एक चाचणी आहे. ती आजारी माणसांपैकी 90 टक्के बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी 90 टक्क्यांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. पण मोजून पाहा. शंभर आजाऱ्यांपैकी 90 पकडले गेले, 10 निसटले. 9,900 निरोगी माणसांपैकी 10 टक्के, म्हणजे 990 जण, उगाचच अडकले. चाळणीवर राहिले एकूण 1,080. त्यांतले खरे आजारी 90. म्हणजे बाराजणांमागे एक!

चाचणी वाईट आहे का? मुळीच नाही. ढिगात खडे कमी आणि दाणे फार असले की असंच होतं. आता या 1,080 जणांची तेवढीच चांगली, पण वेगळ्या पद्धतीची दुसरी चाचणी करा. 90 पैकी 81 पुन्हा पकडले जातील, 990 पैकी फक्त 99 अडकतील. आता 180 जणांत 81 खरे. बारातला एक होता, तो जवळजवळ दोनातला एक झाला. सूप, मग चाळण, मग ताट. आजीचा क्रम गणिताने जसाच्या तसा बरोबर ठरतो.

म्हणून शिबिरातल्या कागदावर ‘संशयित’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘आजारी’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘ताटात घ्या, उजेडात बघा’ एवढाच. आणि ‘काही नाही’ असं आलं तरी निसटलेले दहाजण आठवावेत. त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जावंच.

भोक बारीक केलं तर दाणेही अडकतात, मोठं केलं तर खडेही सुटतात. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी चाळणी अजून कुणी बनवलेली नाही. म्हणून भोकाचं माप ठरवणं हा जबाबदारीचा निर्णय असतो. काय निसटलं तर जास्त वाईट, हे आधी ठरवावं लागतं. 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी स्क्रीनिंगची दहा तत्त्वं लिहिली. त्यांत चाचणीइतकाच भर आजूबाजूच्या गोष्टींवर आहे: सापडलेल्या आजारावर मान्य उपचार हवा, तो देण्याची सोय हवी, चाचणी लोकांना पटणारी हवी आणि काम एकदाच करून संपणारं नसावं. 1897 च्या पुण्याला ही मोजपट्टी लावून पाहा. उपचार नव्हता, संमती नव्हती.

व्हिनेगरचा चमत्कार

शेवटी महाराष्ट्राने जगाला दिलेली एक गोष्ट.

गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षं मुकाट वाढतो, मडक्यातल्या चुन्याच्या खड्यासारखा. श्रीमंत देशांत तो लवकर पकडायला प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ होते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांत वेगळा मार्ग घेतला. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवडे शिकवलं आणि हातात दिलं सौम्य ॲसेटिक आम्ल. व्हिनेगर म्हणजे तेच. गर्भाशयमुखाला ते लावलं की मिनिटभरात बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. त्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनं जास्त असतात, आम्लाने ती तात्पुरती गोठल्यासारखी होतात आणि उजेड परतवतात. नुसत्या डोळ्यांना दिसतं. दीड लाखावर बायकांच्या या अभ्यासात एका गटाची दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी झाली. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

दुसरा प्रयोग तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातला, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने झालेला. 497 गावं, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. इथे तपासणी एकदाच झाली. व्हिनेगरच्या गटात मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही. पण या कर्करोगाच्या मुळाशी असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात, आठ वर्षांनी, मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. 2009 मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यांची दखल घेतली. दोन्ही शेजारीशेजारी ठेवा: चाळणी जाड असेल तर पुन्हा पुन्हा चाळावं लागतं, बारीक असेल तर एकदा चाळूनही पुष्कळ साधतं.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नव्हती, हे न्याय्य होतं का? हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. भोकाचं माप ठरवताना, कोणाला चाळणीत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे ठरवताना, ज्यांच्यावर ती चाळणी धरली जाते त्या माणसांचा आवाज त्यात असला पाहिजे. रँडच्या पुण्यात तो नव्हता. सगळी किंमत त्याची मोजावी लागली.

म्हणून त्या भिंतीवरच्या पहिल्या कागदाकडे आता मी वेगळ्या नजरेने पाहते. सरकारी आरोग्य कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची, तोंडाच्या कर्करोगाची, तसंच बायकांसाठी स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी ठरवलेली आहे. घरातली जी बाई सगळ्यांसाठी तांदूळ निवडत आली आणि स्वतःला तपासून घ्यायला कधीच गेली नाही, तिला या आठवड्यात जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन जा. जाताना दोन प्रश्न विचारा: काही सापडलं तर पुढची तपासणी कुठे, आणि काही नाही सापडलं तर पुन्हा कधी यायचं. उत्तरं लिहून घ्या, आणि तो कागद जपून ठेवा.